मिसेस डाउटफायरच्या निर्मात्यांना खुलं पत्र: त्या खोक्यांतून मिरांडालाही बाहेर काढा

प्रति,
ट्वेंटिएथ सेंच्युरी स्टुडिओज
आणि दिग्दर्शक ख्रिस कोलंबस यांस,

स. न. वि. वि.

बायकोपासून वेगळा झालेला डॅनियल म्हाताऱ्या दाईचं सोंग घेऊन मिरांडाच्या, म्हणजे त्या बायकोच्याच घरी, मुलांजवळ कामाला लागतो, तो तुमचा ‘मिसेस डाउटफायर’ मी आजवर तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा मला तो ठीक वाटला. वाईट मुळीच नाही. पण लोक ज्या प्रेमानं त्याचं नाव घेतात, ते प्रेम मला कधी वाटलं नाही. पानात सगळं वाढलेलं असावं, चवही बरी असावी आणि तरी उठताना पोट भरलेलं नसावं, तसं काहीसं. असं का होतं याचा मी बरीच वर्षं विचार करते आहे. तो आता लिहून काढायचं कारण म्हणजे ती 972 खोकी.

कोलंबससाहेब, 2023 मध्ये तुम्ही सांगितलंत की या चित्रपटाच्या चित्रीकरणाची सुमारे 972 खोकी एका गोदामात पडून आहेत. वापरलेलं, न वापरलेलं, पडद्यामागचं, सगळं त्यात आहे. एखाद्या संकलकाला ते सगळं पाहायला लावावं आणि डॅनियल झालेले रॉबिन विल्यम्स कसे काम करायचे यावर एक माहितीपट करावा, अशी तुमची इच्छा आहे. त्याआधी 2021 मध्ये, प्रौढांसाठी म्हणावी अशी या चित्रपटाची एक आवृत्तीही तयार झाली होती, असं तुम्ही सांगितलं होतंत. तेव्हापासून चाहत्यांची मागणी एकच आहे: रॉबिनचे उरलेले विनोद दाखवा. ती मागणी मला समजते. संहितेप्रमाणे दोन-तीन टेक झाले की तुम्ही त्यांना मोकळं सोडायचात आणि ते दर वेळी नवं काहीतरी बोलायचे. त्यांचं काय निसटतं ते पकडायला अनेक कॅमेरे एकदम चालू ठेवावे लागत. 11 ऑगस्ट 2014 ला ते गेले. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोत स्टायनर स्ट्रीटवरच्या त्या घरासमोर लोकांनी फुलं आणून ठेवली. त्या घरात ते कधी राहिले नव्हते, तिथे फक्त चित्रीकरण झालं होतं. इतकं प्रेम फार थोड्या नटांच्या वाट्याला येतं.

पण माझी मागणी वेगळी आहे. त्या खोक्यांमध्ये विनोद असतील तशी भांडणंही असतील. ती बाहेर काढा. ज्यांना हा चित्रपट जिवापाड आवडतो ते तुम्ही जे द्याल ते बघतील. माझ्यासारखे प्रेक्षक, ज्यांना तो नुसता ठीक वाटला, त्यांचं काय राहून गेलं ते एकदा ऐकून घ्या.

हा विषय मला आधी भेटला तो हिंदीतून. 1997 साली आलेला कमल हासन यांचा ‘चाची 420’. तुमच्याच चित्रपटावरून आधी तमिळमध्ये एक चित्रपट झाला आणि त्यावरून हा. तुमची डाउटफायरबाई ब्रिटिश आहे आणि आमच्याकडची चाची चक्क मराठी. नाव लक्ष्मी गोडबोले. मावशीच्या घरी केबलवर तो लागला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. घरातल्या सगळ्या बायका पोट धरून हसत होत्या, आईसुद्धा. आईला हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते, कारण त्याच्या वर्षभर आधी आई-बाबा वेगळे झाले होते. आम्ही दोघी नाशिकला सिडकोत राहायला आलो होतो आणि बाबा पंचवटीत एका खोलीत राहत होते. ‘चाची 420’च्या शेवटी नवरा-बायको पुन्हा एकत्र येतात. त्या रात्री मी मनात पक्कं केलं की बाबाही काहीतरी युक्ती करतील. कितीतरी महिने मी त्या युक्तीची वाट पाहिली.

मूळ चित्रपट पाहिला तो कॉलेजच्या होस्टेलवर, कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर. खोलीत सात-आठ मुली होत्या. फोनवर वेगवेगळे आवाज काढून डॅनियल मिरांडाला हैराण करतो, तिथे त्या लोळायला लागल्या. मीही हसले. ती सोंगं, तो आवाज, क्षणात बदलणारा चेहरा, हे सगळं अफाटच आहे. त्या रंगभूषेला ऑस्कर मिळालं ते रास्तच आहे. तरी एक सांगते. पुरुषानं बाईचं सोंग घेतलं एवढ्यानं मराठी प्रेक्षक थक्क होत नाही. बालगंधर्वांची नेसण पाहून घरंदाज बायका तशी साडी नेसू लागल्या, त्या मुलखातली आम्ही माणसं. आमच्या आजीच्या पिढीनं ते ऐकलं आणि आमच्या पिढीनं ‘मोरूची मावशी’मध्ये विजय चव्हाणांना डोक्यावर घेतलं. त्यामुळे मुखवटा कसा चढवला याचं नवल आम्हाला लवकर सरतं. मग आम्ही बघतो ते हे, की त्या लुगड्याच्या आत शिरलेल्या पुरुषाला बाईचं मन थोडं तरी कळलं का.

तुमच्या चित्रपटात एका ठिकाणी ते कळतं. रात्रीची वेळ. मिरांडा आणि डाउटफायरबाई घरात बोलत बसल्या आहेत. मिरांडा सांगते की सुरुवातीला डॅनियलचा हाच मोकळेपणा तिला आवडायचा, पण पुढे ती कामात बुडत गेली, त्याच्या नोकऱ्या सुटत राहिल्या आणि कशाचंच हसू येईनासं झालं. कित्येक रात्री ती रडत झोपली. त्याच्याबरोबर असताना आपण जी बाई होतो ती आपल्याला आवडायची नाही, मुलांनी अशी आई बघत मोठं होऊ नये, असं तिला वाटत होतं. समोर बसलेला माणूस तिचाच नवरा आहे हे तिला माहीत नाही. आणि नवरा हे पहिल्यांदाच ऐकतो आहे, कारण तो नवरा असताना गंभीर बोलणं त्याला कधी रुचलंच नव्हतं. मिरांडा झालेल्या सॅली फील्ड यांनी तिथे काहीही विशेष न करता जे केलं आहे, ते मला त्या सगळ्या रंगभूषेपेक्षा मोठं वाटतं. आणि रॉबिन विल्यम्सही तिथे विनोद करत नाहीत, नुसते ऐकतात. रबराच्या त्या जाड चेहऱ्याखालून त्यांचे डोळे दिसत राहतात.

असे प्रसंग आणखी हवे होते. एवढंच माझं म्हणणं आहे आणि त्यासाठीच हे पत्र.

कारण उरलेल्या चित्रपटानं मिरांडाला रसभंग करणारी बाई करून ठेवलं आहे. सुरुवातच बघा. डॅनियल कार्टूनमधल्या पक्ष्याला आवाज देतोय. पक्ष्याला सिगारेट ओढताना दाखवतात म्हणून तो काम सोडून निघतो. तत्त्वाचा माणूस, आपल्याला लगेच आवडतो. मग तो मुलाच्या वाढदिवसाला घरात प्राणी आणतो, दणका उडवून देतो. मिरांडा ऑफिसातून येते ती या गोंधळात, दारात पोलीस, घरभर घाण. ती चिडते आणि आपण तिच्यावर चिडतो, कारण कॅमेरा तोवर पार्टीत नाचत होता. ती भांडणात म्हणते की मी केक आणि दोन-चार भेटी आणते, तू अख्खं प्राणिसंग्रहालय आणतोस आणि निस्तरायचं मी. किती खरं वाक्य आहे! होस्टेलवर कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही. मी दिलं, कारण हे वाक्य मी वेगळ्या शब्दांत, भिंतीपलीकडून, मराठीत ऐकलं होतं. माझे बाबाही फार मजेदार माणूस होते. शनिवारी भेटले की भेळ, गोदाकाठ, पतंग, गोष्टी. आईकडे मात्र पाढे, डबा, ‘दप्तर भरलंस का’. मजा एकाच्या वाट्याला आणि शिस्त दुसरीच्या, ही वाटणी घराघरात होते. तुमच्या चित्रपटानं ती ओळखली आणि तरी मजेच्या बाजूला जाऊन बसला.

त्याहून मला लागलं ते मुलांचं. बाथरूमच्या दारातून मुलाला, ख्रिसला, कळतं की ही बाई नाही. मग त्याला आणि मोठ्या लिडियाला बाबा सगळं सांगतो. धाकट्या नॅटलीला नाही, आणि आईला तर नाहीच. त्या क्षणापासून ती दोन मुलं रोज त्याच घरात आईसमोर वावरतात आणि एवढं मोठं गुपित पोटात ठेवतात. चित्रपट हे गोड मानून पुढे जातो. बाबा परत मिळाला, मुलं खूश. पण लिडियाच्या मनात काय चाललं असेल? चौदा वर्षांची मुलगी. आई तिच्यासमोर त्या बाईवर विश्वास टाकते, मन मोकळं करते, आणि लिडियाला खरं ठाऊक आहे. तिला आईच्या डोळ्याला डोळा देता आला का? या एका प्रश्नावर कॅमेरा दोन मिनिटंही थांबत नाही.

हे मी अनुभवानं विचारते. बाबांची नोकरी सुटली होती. हे मला चार महिने माहीत होतं, आईला नव्हतं. बाबांनी मला भेळेच्या गाडीवर सांगितलं आणि म्हणाले, “आईला सांगू नकोस, हं.” त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता, त्यांना लाज वाटत होती. पण मी अकरा वर्षांची होते. आई महिन्याचा हिशेब मांडून बसायची, बाबांकडून पैसे का आले नाहीत म्हणून वहीत पुन्हा पुन्हा बघायची, आणि मी शेजारी बसून भूगोल वाचायचे. तो भूगोल मला आजही येत नाही. आईला कळलं तेव्हा ती बाबांवर रागावली नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, “तुला माहीत होतं?” रेस्टॉरंटात डॅनियलचा मुखवटा सुटतो आणि मिरांडाला सगळं कळतं तो प्रसंग चालू असताना होस्टेलवर सगळ्या मुली हसत होत्या. मी मिरांडाच्या मागे उभ्या असलेल्या मुलांकडे बघत होते. तिनं मुलांना तो प्रश्न केव्हा विचारला असेल, घरी गेल्यावर, की गाडीतच?

मिरांडाच्या नव्या मित्राबद्दल, स्टूबद्दल, फार लिहीत नाही. पिअर्स ब्रॉस्नन यांनी तो भला माणूस म्हणूनच उभा केला आहे. त्याला चालत नाही हे माहीत असताना डॅनियल त्याच्या जेवणात मिरचीची पूड टाकतो, तो गुदमरतो, मग डॅनियलच त्याला वाचवतो. हा विनोद मला कधीच पचला नाही. दाई हवी म्हणून दिलेल्या मिरांडाच्या जाहिरातीतला फोन नंबर बदलून दुसऱ्या कुणाचा फोनच येऊ नये अशी तजवीज करणं, हेही तसंच. प्रेमापोटी केलं म्हणून ते चालतं, असं चित्रपट धरून चालतो. मी नाही धरू शकत.

आता तुमचं ऋण मान्य करते, आणि ते मोठं आहे. शेवट. डॅनियल आणि मिरांडा पुन्हा एकत्र येत नाहीत. तसं करावं असा दबाव होता, आणि तुम्ही, रॉबिन विल्यम्स, सॅली फील्ड त्याविरुद्ध ठाम राहिलात, असं वाचलं आहे. 1993 साली नाताळच्या तोंडावर सहकुटुंब बघायच्या विनोदी चित्रपटात हे करायला धाडस लागतं. आमच्याकडे ते झालं नाही. आमच्या चाचीनं संसार जोडूनच दिला आणि त्यामुळे एक मुलगी सिडकोतल्या घरात युक्तीची वाट बघत बसली. टीव्हीवरच्या कार्यक्रमात डाउटफायरबाई एका छोट्या मुलीच्या पत्राला उत्तर देते. काही आई-वडील वेगळे राहिले की एकमेकांशी जास्त बरे वागतात, काही पुन्हा एकत्र येतात, काही येत नाहीत, आणि नाही आले तरी त्यात तुझी काही चूक नाही, असं सांगते. ते ऐकलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. हे मला कुणीतरी अकराव्या वर्षी सांगायला हवं होतं.

पण म्हणूनच माझी तक्रार आणखी तीव्र होते. इतकं खरं बोलणं चित्रपटाच्या अगदी शेवटी येतं, आणि ते ज्या दुःखावर फुंकर घालायला येतं ते दुःख आम्ही आधी पाहिलेलंच नसतं. आम्ही पाहिलेला असतो पेटलेला ब्लाउज, तोंडाला फासलेला केक, झाडूपोछा करताना नाच. मुलं रडलेली फारशी दिसत नाहीत. घर फुटताना त्याचा आवाज येत नाही. मग तो सल्ला फक्त माझ्यासारख्यांना लागतो, ज्यांनी दुःख घरून आणलेलं असतं. बाकीच्यांना तो शेवटी लावलेली ठिगळपट्टी वाटतो.

आणि मला माहीत आहे की ते दुःख तुम्ही चित्रित केलं होतं! कापलेले काही प्रसंग डीव्हीडीसोबत दिले गेले आणि पुढे ते इंटरनेटवरही फिरले. लिडियाची शाळेत स्पेलिंगची स्पर्धा आहे आणि तिथे आई-बाप भांडतात, तो त्यातला एक. मी तो पाहिला आणि थांबून पुन्हा पाहिला. तिथे डॅनियल गोड नाही. मिरांडा रसभंग करणारी नाही. दोघंही थकलेले, दुखावलेले आहेत आणि मधे मूल आहे. अशा भांडणानंतर शाळेतल्या मैत्रिणी आपल्याशी जरा जास्तच चांगलं वागतात, ते मी भोगलं आहे. तो प्रसंग चित्रपटात असता तर माझं मत ‘ठीक’वर थांबलं नसतं.

तुम्ही तो का काढला असेल याची कल्पना करता येते. त्या भांडणानंतर पुढच्या विनोदाला हसणं जड गेलं असतं. सहकुटुंब आलेल्या प्रेक्षकांत कुठल्या तरी घरात हेच चालू असणार, ते अस्वस्थ झाले असते. पण रॉबिन विल्यम्स यांच्यासारखा नट हाताशी असताना ही भीती बाळगायला नको होती. रडवून पुढच्या क्षणी हसवणं त्यांना येत होतं. मिरांडासमोरचा तो ऐकण्याचा प्रसंग हाच त्याचा पुरावा आहे.

तेव्हा माहितीपट करताना कृपा करून नुसती हशांची माळ ओवू नका. संकलकाला सांगा, रॉबिन ज्या टेकमध्ये गप्प आहेत ते टेकही शोध. सॅली फील्ड यांच्या बाजूचा कॅमेरा काय काय टिपत होता ते बघ. रॉबिन समोर दर वेळी नवं काहीतरी बोलत असताना स्वतःचं पात्र सांभाळत त्या उभ्या राहिल्या, ते काम कुणी मोजलं नाही. मुलांचे चेहरे बघ. आणि कापलेले भांडणाचे प्रसंग शेवटी पुरवणीसारखे न जोडता, त्यांच्या मूळ जागी ठेवून चित्रपटाची एक वेगळी आवृत्ती काढा. जुनी आहे तशीच राहू दे. ती ज्यांना हवी त्यांची आहे. अर्धा तास लांबली तरी नवी मी बघेन, आणि माझ्यासारखे पुष्कळजण बघतील. त्यांच्याही घरी कधीतरी कुणी ‘आईला सांगू नकोस’ म्हटलेलं असतं.

शक्य असेल तर त्या आवृत्तीला मराठी उपशीर्षकं द्या. हे मी आईसाठी मागते. गेल्या महिन्यात मी तिसऱ्यांदा पाहिला तो तिच्यासोबत. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. आईला इंग्रजी पुरतं समजत नाही, म्हणून शेजारी बसून मी एकेक वाक्य सांगत होते. सोंगाला ती हसली, “आपली गोडबोले बरी होती” असंही म्हणाली. मग तो रात्रीचा प्रसंग आला. मी सांगत गेले: ती म्हणतेय, मी रात्र रात्र रडायचे. ती म्हणतेय, त्याच्यासोबत असताना मी मला आवडायचे नाही. आईनं माझ्या हातातला रिमोट घेतला आणि थांबवलं. थोड्या वेळानं म्हणाली, “मागे घे. परत सांग, काय म्हणाली ती.” मी परत लावलं, परत सांगितलं. प्रसंग संपला आणि पडद्यावर दुसरंच काहीतरी सुरू झालं.

आई म्हणाली, “एवढंच बोलली?”

आपली,
नाशिकची एक प्रेक्षक